थेंब नेमका कुठे पडावा

नंदुरबार शहरात एका चौकाला कोरीट नाका म्हणतात. कोरीट हे तालुक्यातलंच एक गाव. या सगळ्या पट्ट्यात मिरची, पपई, कापूस, केळी अशी भरभरून देणारी आणि तितकंच मागणारी पिकं होतात. इथल्या एखाद्या पपईच्या बागेत वाकून पाहिलं, तर बुंध्याशी काळी नळी दिसते आणि तिच्यातून टपटप पडणारं पाणी. ठिबक आता इतकं सवयीचं झालं आहे की त्यात पाहण्यासारखं काही उरलं आहे असं कुणाला वाटत नाही. पण थोडा वेळ थांबून त्या थेंबाचा हिशोब मांडला, तर थक्क व्हायला होतं.

समजा, ड्रीपर तासाला २ लिटर पाणी देतो. एका थेंबात साधारण मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढं पाणी मावतं. म्हणजे एका तासात चाळीस हजार थेंब, सेकंदाला सुमारे अकरा. एवढं मोजून मापून पाणी सोडायचं, तेही शेताच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला जवळपास सारखंच. नळीत पाण्याचा दाब मात्र मोठा असतो. दहा मीटर उंचीच्या टाकीखाली जेवढा दाब असेल, तेवढा दाब नळीच्या भिंतीला बाहेर ढकलत असतो. नळीला एक मिलिमीटरचं साधं भोक पाडलं, तर त्यातून तासाला वीसहून अधिक लिटर पाणी चिळकांडीसारखं उडेल. दोनच लिटर हवं असेल, तर भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं करावं लागेल. इतक्या बारीक भोकात गाळाचा एक कण अडकला, की झाड उपाशी.

यावरचा तोडगा फार सुंदर आहे. ड्रीपरच्या आत पाण्यासाठी नागमोडी, दातेरी वाट केलेली असते. प्रत्येक वळणावर पाणी भिंतीला धडकतं, घुसळलं जातं, भोवरे करतं आणि प्रत्येक धडकेत थोडा दाब गमावतं. वाट पुरेशी रुंद ठेवता येते, त्यामुळे कण सहसा अडकत नाहीत. घुसळणीमुळे ते तळाशीही बसत नाहीत. बाहेर येईपर्यंत पाण्याचा सगळा जोर संपलेला असतो आणि उरतो तो थेंब. १९३०च्या दशकात सिम्खा ब्लास या पाणी-अभियंत्याला एक झाड शेजारच्या झाडांपेक्षा कितीतरी मोठं झालेलं दिसलं. कारण शोधलं तेव्हा जमिनीखालच्या पाइपाचा एक जोड ठिबकताना सापडला. त्या निरीक्षणातून पुढे इस्रायलच्या हात्सेरीम या सामूहिक वसाहतीत १९६५ साली नेटाफिम ही कंपनी उभी राहिली आणि जगभरच्या शेतीत पाण्याचा विचारच बदलला. पाट भरून पाणी सोडताना प्रश्न असे, पाणी किती आहे. ठिबकने विचारलेला प्रश्न वेगळा होता: आहे तेवढं पाणी नेमकं कुठे पडावं?

हा दुसरा प्रश्न मला शेतीच्या फार पलीकडे जाणारा वाटतो. कारखानदार, दुकानदार, संस्थाचालक, अधिकारी, दहा-पंधरा मजुरांचं काम अंगावर घेणारा शेतकरी, ही सगळी कर्तबगार माणसं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात. तरीही वर्ष संपताना त्यातल्या अनेकांना जाणवतं की ज्या एका कामासाठी एवढा पसारा मांडला, त्याच कामाला हात लागला नाही. कष्ट कमी पडले नाहीत, बुद्धीही कमी पडली नाही. मग कमी काय पडलं? याचं उत्तर आपल्या मेंदूच्या रचनेत आहे आणि ते ड्रीपरइतकंच चकित करणारं आहे.

अब्जातून दहा

जेयू झेंग आणि मार्कुस मायस्टर या कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या संशोधकांनी २०२४च्या अखेरीस एक हिशोब प्रसिद्ध केला. आपले डोळे, कान, त्वचा, नाक मिळून दर सेकंदाला सुमारे एक अब्ज बिट माहिती गोळा करतात. बिट म्हणजे माहितीचं सगळ्यात लहान माप, एका 'हो की नाही'चं उत्तर. आता एवढी माहिती आत येत असताना माणूस प्रत्यक्ष विचार करून, निवड करून, कृती करून बाहेर किती देतो? टंकलेखन, बोलणं, खेळ, कोडी सोडवणं अशा अनेक कामांवरून त्यांनी मोजलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे दहा बिट. आत अब्ज आणि बाहेर दहा! सराईत टंकलेखकाची बोटं कळफलकावर नाचताना आपल्याला जो वेग दिसतो, तोही या दहाच्या आसपासचाच.

डोळ्यांचंही तसंच आहे. समोरचं सगळं दृश्य आपल्याला एकाच वेळी स्पष्ट दिसतं असं वाटतं. खरं तर हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं, तर त्या नखाने जेवढी जागा झाकली जाते, साधारण तेवढ्याच भागात आपली दृष्टी पूर्ण धारदार असते. बाकी सगळं धूसर. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, ती छोटी धारदार खिडकी इकडून तिकडे फिरवतो आणि मेंदू त्या तुकड्यांतून अखंड जग उभं करून देतो. सबंध जग दिसत असल्याचा अनुभव मेंदूने शिवलेला आहे.

खिडकी एवढी लहान असल्यावर जे तिच्याबाहेर राहतं, त्याचं काय होतं? डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ साली हार्वर्डमधल्या प्रयोगाचा निष्कर्ष मांडला. लोकांना बास्केटबॉलची चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेलं माणूस खेळाडूंच्या मधोमध आलं, छाती बडवली आणि निघून गेलं. जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. कुणी म्हणेल, प्रयोगाला आलेले लोक साधे होते, कसलेल्या माणसाचं असं होणार नाही. म्हणून २०१३ साली ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसांचे सीटी स्कॅन पाहून गाठी शोधायला सांगितल्या. एका स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीपेक्षा ४८ पट मोठं. चोवीसांपैकी वीस तज्ज्ञांना ते दिसलं नाही. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांची नजर त्या जागेवरूनही फिरली होती. डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदीत ते स्पष्ट होतं.

हा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो आणि तितकाच भारावूनही टाकतो. ते तज्ज्ञ कामचुकार नव्हते. त्यांनी लक्ष दिलं होतं, म्हणूनच दुसरं सुटलं. लक्ष देणं म्हणजे बाकीच्या सगळ्याला 'आत्ता नाही' म्हणणं, आणि मेंदू हे म्हणतो तेव्हा आपल्याला सांगतही नाही. एका गोष्टीची निवड करताना आपण हजार गोष्टी सोडून देत असतो. प्रश्न एवढाच की ती निवड आपण केली, की समोर जे आधी आलं त्याने आपल्यासाठी केली.

मालकाचा दिवस कुठे जातो

हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडातल्या व्यवस्थापन-अभ्यासकाने १९७३ साली पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्याने पाच वरिष्ठ व्यवस्थापकांच्या मागे प्रत्येकी आठवडाभर फिरून ते दिवसभर काय करतात ते टिपलं होतं. पाठ्यपुस्तकांतला व्यवस्थापक शांत बसून योजना आखतो. प्रत्यक्षातल्या व्यवस्थापकांच्या निम्म्या कामांना नऊ मिनिटांहून कमी वेळ मिळत होता. एक माणूस आत येई, फोन वाजे, सही मागितली जाई, पुन्हा कुणी येई. तेव्हा मोबाइल नव्हता.

पुढे हार्वर्डच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी मोठ्या कंपन्यांच्या २७ प्रमुखांच्या वेळेची मोजणी केली. प्रत्येकाची १३ आठवड्यांची नोंद, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, दिवसरात्र. सगळी मिळून सुमारे ६०,००० तासांची नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. हे प्रमुख आठवड्याला सरासरी साडेबासष्ट तास काम करत होते. त्यांच्या कामाच्या वेळेतला ७२ टक्के भाग बैठकांत जात होता. आणि ३६ टक्के वेळ आपण न ठरवलेल्या, अचानक समोर उभ्या राहिलेल्या गोष्टी निस्तरण्यात. हाताशी सचिव, सहायक, वाहनं, सगळं काही असलेल्या माणसांची ही गत. मग सकाळी मजूर आले नाहीत म्हणून धावणाऱ्या, दुपारी बँकेत बसणाऱ्या आणि संध्याकाळी बाजारभावासाठी फोन लावणाऱ्या शेतकऱ्याचा दिवस किती तुकड्यांचा असेल!

तुकड्यांचं खरं नुकसान वेळेपेक्षा खोल आहे. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला, तरी त्याच्या मनाचा एक भाग मागच्याच कामाला चिकटून राहतो. शरीर नव्या बैठकीत असतं, मन जुन्या भांडणात. त्यामुळे नवं काम अर्ध्याच मनाने होतं. ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासिकेने कार्यालयांत माणसांच्या मागे घड्याळ घेऊन फिरून पाहिलं. कामात व्यत्यय आला, तर मूळ कामावर परतायला सरासरी वीसहून अधिक मिनिटं लागत होती, कारण मधल्या वेळात माणूस आणखी एक-दोन कामांत शिरलेला असे. पडद्यावरच्या एका गोष्टीवर माणूस सलग किती वेळ टिकतो, हेही त्या मोजत आल्या आहेत. २००४ साली ते सरासरी अडीच मिनिटं होतं. अलीकडच्या मोजण्यांत ते ४७ सेकंदांच्या आसपास आलं आहे.

त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. व्यत्ययांपैकी निम्म्याच्या जवळपास व्यत्यय बाहेरून आलेले नव्हतेच. माणसाने स्वतःच हातातलं काम सोडलं होतं. कुणी हाक मारली नव्हती, फोन वाजला नव्हता. सतत टोचून घेण्याची सवय झाली, की टोचणारं कुणी नसलं तरी मन स्वतःला टोचून घेतं.

रॉकेलपासून ठिबकपर्यंत

एखादी मोठी संस्था आपलं लक्ष कसं कमावते, कसं उधळते आणि पुन्हा कसं गोळा करते, याचं जिवंत उदाहरण खानदेशातच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यातल्या वाकोद गावी १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलाल जैन यांचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायदा शिकून झाल्यावर सरकारी अधिकारी होण्याची संधी त्यांच्यापुढे होती. आईच्या सल्ल्यावरून त्यांनी ती नाकारली आणि १९६३ साली घराण्याने साठवलेल्या ७,००० रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे इंधन, ट्रॅक्टर, बियाणं, खतं, कीटकनाशकं, पाइप अशा एकामागून एक एजन्स्या आल्या. १९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना ३० लाखांना विकत घेतला आणि त्याची यंत्रं बदलून पपईच्या चिकापासून पपेन हे विकर काढायला लागले. १९८० साली पीव्हीसी पाइप आले. ऐंशीचं दशक संपता संपता ठिबक आलं.

ही यादी वरवर पाहिली तर वाटतं, हा माणूस दिसेल त्या धंद्यात शिरत होता. रॉकेल कुठे, पपेन कुठे आणि पाइप कुठे! पण यादीतली प्रत्येक गोष्ट पुन्हा वाचावी. प्रत्येकीच्या एका टोकाला शेतकरी उभा आहे. कधी तो विकत घेणारा आहे, कधी पपईचा चीक विकणारा. माल बदलत गेला, माणूस तोच राहिला. एकाग्रता म्हणजे आयुष्यभर एकच वस्तू बनवत बसणं, अशी आपली समजूत असते. भवरलालजींच्या या पहिल्या तीस वर्षांनी मला ती समजूत सोडायला लावली. त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला होता: या शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसा कसा उरेल? त्या प्रश्नाला जोडलेलं सगळं त्यांच्या लक्षाच्या आत होतं.

ठिबकच्या बाबतीत हे ठळकपणे दिसलं. हे तंत्र आपल्याकडे आलं तेव्हा सुटे भाग विकून मोकळं होणाऱ्यांमुळे त्याचं नाव खराब होऊ लागलं होतं. ड्रीपर तुंबायचे, शेतकरी वैतागून नळ्या गुंडाळून ठेवायचा. जैन यांच्या कंपनीने शेताची मोजणी, आराखडा, फिल्टर, खत देण्याची पद्धत, पीक-तज्ज्ञाचा सल्ला आणि नंतरची देखभाल असं सगळं एकत्र द्यायला घेतलं. पुढे केळीची ऊतिसंवर्धित रोपं आली, कांद्यासारख्या मालावर प्रक्रिया आली. जळगावच्या केळीचं रूप यातून पालटलं.

आणि मग नव्वदच्या दशकाच्या मध्यात लक्ष फुटलं. अर्थव्यवस्था खुली झाली होती, भांडवल सहज मिळत होतं, जो तो नव्या क्षेत्रांत उतरत होता. कंपनी वित्तसेवा, माहिती-तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा व्यवसायांत शिरली. या वेळी माल बदलला आणि माणूसही बदलला. या धंद्यांच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी नव्हता. तोटा साचला, कर्ज वाढलं, चांगल्या चाललेल्या मूळ व्यवसायाचाही श्वास कोंडला. ज्या गोष्टी एरवी मालकाच्या नजरेतून सुटल्या नसत्या, त्या सुटू लागल्या असणार. मेंदूच्या बाबतीत आपण पाहिलंच, लक्ष दुसरीकडे असताना गोरिला समोरून जातो.

त्यानंतर भवरलालजींनी जे केलं ते भारतीय उद्योगात आजही दुर्मीळ आहे. त्यांनी वर्तमानपत्रांतून भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि चूक आपली आहे असं सांगितलं. मग ते धंदे बंद केले किंवा विकले आणि कंपनी पुन्हा पाणी, रोप आणि शेतमालावर आणली. काय करायचं हे ठरवण्यापेक्षा काय सोडायचं हे ठरवणं अवघड असतं, कारण सोडताना आपण स्वतःच्याच जुन्या निर्णयाविरुद्ध साक्ष देतो. पुढच्या दशकात कंपनी सावरली, वाढली. २००७ साली तिने इस्रायलच्या नानदान या ठिबक कंपनीत निम्मा वाटा घेतला. २००८ साली भवरलालजींना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचं निधन झालं.

कथा इथे गोड करून थांबवता येत नाही. नंतर कंपनीवर पुन्हा कर्जाचा डोंगर उभा राहिला, २०१९ साली हप्ते थकले आणि २०२३ साली परदेशातला सिंचन-व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. ठिबकचा फिल्टर एकदा बसवून भागत नाही. तो दर हंगामात धुवावा लागतो, नळ्यांची टोकं उघडून गाळ काढावा लागतो. संस्थेच्या लक्षाचंही असंच आहे. कोणत्याही पिढीने ते काम पुढच्या पिढीसाठी करून ठेवलेलं नसतं.

आधी टाकलेली नळी

मग करायचं काय? इथे अनेक जण निग्रहाकडे वळतात. मन घट्ट करायचं, मोह टाळायचा. पण निग्रह हा पाट भरून पाणी सोडण्याचाच प्रकार आहे. पाणी जास्त लागतं आणि मुळाशी थोडंच पोचतं. ठिबक संध्याकाळी तहानलेल्या झाडासमोर उभं राहून ठरवत नाही की पाणी कुठे द्यायचं. तो निर्णय नळी अंथरली त्या दिवशीच झालेला असतो.

मानसशास्त्रात यासाठी भरभक्कम पुरावा आहे. पेटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात एक साधी गोष्ट तपासली. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत ठरावीक मुदतीत एक अहवाल लिहायला सांगितला. काहींना अधिकचं एकच काम दिलं: तो केव्हा आणि कुठे बसून लिहिणार, हे आधी लिहून ठेवायचं. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी वेळेत अहवाल पूर्ण केला. इतरांपैकी सुमारे एक-तृतीयांश. इच्छा सगळ्यांचीच होती. फरक पडला तो 'अमुक झालं की मी तमुक करीन' या एका वाक्याने. २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही परिणाम ठाम दिसला.

हे का घडतं, हे समजून घेण्यात मौज आहे. 'जर-तर' ठरवून ठेवल्यावर मेंदू त्या 'जर'वर पाळत ठेवतो. ती वेळ आली की ती चटकन ओळखू येते आणि कृती जवळपास आपोआप सुरू होते. ऐनवेळी त्या तुटपुंज्या दहा बिटांतून पुन्हा निर्णय घ्यावा लागत नाही. नंदुरबारच्या मिरची व्यापाराचं उदाहरण घेऊ. हंगामात ओली लाल मिरची विकत घेऊन शहराभोवतीच्या मोकळ्या जमिनीवर तिच्या पथाऱ्या घालतात. दूरवर लालच लाल दिसतं. सगळं भांडवल उघड्यावर पडलेलं असतं आणि अवकाळी पावसाच्या एका सरीने ते काळं पडू शकतं. आभाळ भरून आल्यावर 'आता काय करायचं' हा विचार सुरू करणाऱ्याचा माल भिजणार. कोणत्या पथारीवरचा माल आधी गोळा करायचा, ताडपत्री कुठे ठेवायची, कोण कुणाला बोलावणार, हे कोरड्या दिवशी ठरलेलं असेल, तर ढग आल्यावर फक्त हात चालवायचे असतात. संकटात शांत राहणाऱ्या माणसांचं आपण कौतुक करतो. त्यांची शांतता बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या निवांत दिवशी कमावलेली असते.

दुसरा शोध याहून हळवा आहे. अपुरं राहिलेलं काम मनात टोचत राहतं, हे ब्लुमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ सालीच मांडलं होतं. २०११ साली मासिकँपो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं की ती टोचणी थांबवण्यासाठी काम पूर्णच करावं लागतं असं नाही. ते केव्हा आणि कसं करणार याची नेमकी योजना केली, तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. मनाला काम संपल्याची नव्हे, काम सोपवल्याची खात्री हवी असते. रात्री कागदावर दोन ओळी लिहून ठेवल्या तर झोप का लागते, याचं हे कारण असावं.

आणि तिसरी गोष्ट शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. जमिनीच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर मुळं गुदमरतात. वाफसा आला तरच पीक जोम धरतं, म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओलावाही हवा आणि हवाही. ठिबकचं अर्धं यश यातच आहे, की ते मुळांशी हवा राहू देतं. ज्या दिनक्रमात एकही रिकामी फट नाही, तो भरगच्च दिसतो आणि आतून कुजतो. पोर्टर आणि नोहरिया यांनीही आपल्या प्रमुखांना आग्रहाने सांगितलं आहे की एकट्याने विचार करण्याचा सलग वेळ वहीत आधीच आखून ठेवा. उरलेल्या वेळात विचार करू म्हणाल, तर वेळ उरत नाही. प्रमुखाने दिवसातला एक सलग तास राखला, तर तो तास त्याच्या एकट्याचा राहत नाही. हाताखालची माणसंही मग त्यांचे तास राखायला धजावतात. उलट, मालक दर पाच मिनिटांनी विषय बदलत असेल तर सगळी पेढी, सगळा कारखाना त्याच्यामागे धावत राहतो. नेतृत्वाची ही जबाबदारी मला सगळ्यांत जड वाटते: आपण आपलं लक्ष वाया घालवतो तेव्हा शंभर जणांचं लक्ष वाया जातं, आणि त्याची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

आखाजीचा करार

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि याच सुमारास शेतीचं नवं साल ठरतं. सालदार वर्षभरासाठी बांधला जातो, मजुरी ठरते, पुढच्या हंगामात कोणतं रान कशाखाली घ्यायचं याची बोलणी होतात. पाऊस अजून महिना-दीड महिना दूर असतो. शेतात काही घाईचं नसतं, आणि म्हणूनच तेव्हा दूरचं दिसतं.

वर्षातला असा एक दिवस शेतीने शतकानुशतकं राखला आहे, ही मला मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते. ज्यांच्या कामाला हंगाम नाहीत, अशा आपल्यासारख्या कार्यालयांतल्या, दुकानांतल्या, कारखान्यांतल्या माणसांनी तो मुद्दाम निर्माण करायला हवा. त्या दिवशी मागच्या महिन्याची वही उघडावी आणि प्रत्येक तास कुणी ठरवला होता ते प्रामाणिकपणे लिहावं: मी, की समोर आलेल्या प्रसंगाने. मग आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोणता माणूस उभा आहे, हे एका वाक्यात मांडावं. भवरलालजींचं वाक्य शेतकऱ्यावर संपत होतं. कुणाचं रुग्णावर संपेल, कुणाचं विद्यार्थ्यावर, कुणाचं गिऱ्हाइकावर. त्या वाक्याला न जोडलेलं एक तरी काम त्याच दिवशी सोडून द्यावं आणि जोडलेल्या सगळ्यांत मोठ्या कामासाठी उद्याचा ठरावीक तास लिहून ठेवावा.

सेकंदाला दहा बिट. निसर्गाने राजाला, रंकाला, कंपनीच्या प्रमुखाला आणि कोरीटच्या शेतकऱ्याला एवढीच शिदोरी सारखी वाटून दिली आहे. ती वाढवण्याचा कोणताही उपाय अजून सापडलेला नाही. तिच्या बळावर माणसांनी धरणं बांधली, रोग हटवले, ओसाड टेकड्या हिरव्या केल्या, कारण कुणीतरी ती दीर्घकाळ एकाच ठिकाणी पडू दिली. ती कुठे पडावी हे ठरवण्याचा अधिकार मात्र पूर्णपणे आपला आहे, आणि तो वापरण्यासाठी पुढच्या आखाजीची वाट पाहण्याचं कारण नाही.